पावणं आलं तेव्हा अ‍ॅक्सल गरम होता

मला बघायला पाहुणे येणार होते ते रविवारी दुपारी चार वाजता. ते आले सकाळी साडेदहाला. त्या वेळी मी आप्पांचा जुना खाकी बॉयलर सूट घालून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होते. हातात वेल्डिंगचा होल्डर होता आणि पुढ्यात दोन लोखंडी घोड्यांवर एका मोटारीचा मागचा अ‍ॅक्सल आडवा ठेवला होता. त्याच्यावरचा वेल्डिंगचा टाका अजून लाल होता.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी मोटारीचं सांगायला पाहिजे.

आप्पा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात वेल्डर होते. त्यांची सगळी नोकरी बॉयलरच्या नळ्या जोडण्यात गेली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत कास्टिंगची मापं तपासायच्या कामाला लागले. आप्पा निवृत्त झाले आणि त्यांचे हात रिकामे राहिनात. त्यांनी आईच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीला चार हुक जोडले, मग त्या हुकांना आणखी हुक जोडले. एक दिवस आई मला म्हणाली, "ह्यांना कायतरी मोठं काम दे बघू. न्हाईतर मला भिंतीला जोडून टाकतील."

मोठं काम म्हणून मी हॉट रॉड काढली. जुनी मोटार घ्यायची, तिचे मडगार्ड काढून टाकायचे, छप्पर कापून खाली घ्यायचं, इंजिन उघडं ठेवायचं आणि मागं रुंद चाकं बसवायची, असा तो प्रकार. मोबाइलवर मी असल्या गाड्या बघत बसायची. आप्पांनी पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाले, "ही अर्धी केलेली हाय की अर्धी मोडलेली हाय?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी स्वतःच विचारलं, "त्या मोडक्या गाडीचा फोटू दाखव बरं पुन्यांदा."

पेठ वडगावच्या बाहेर एका गोदामामागं आम्हाला गोल पाठीची एक म्हातारी मोटार मिळाली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. गाडी ठरली, पण मालक म्हणाले, पिल्लं बाहेर पडेपर्यंत हलवायची नाही. आम्ही थांबलो. गाडी घरी आणली तेव्हा तिच्यात तीन पिसं आणि एक न फुटलेलं अंडं होतं. ते अंडं शेडमध्ये फुटलं. आठवडाभर आईनं त्या बाजूच्या खिडक्या उघडल्या नाहीत.

गाडीचं बाकी सगळं जमत गेलं. गाडं अडलं ते मागच्या अ‍ॅक्सलवर. रुंद चाकं आणि नव्या स्प्रिंगा बसवायच्या तर अ‍ॅक्सलच्या जाड पोकळ नळीवर तळहाताएवढे चार ब्रॅकेट वेल्ड करायला लागतात. अगोदरच्या दिवाळीत आप्पा त्यांच्या बहिणीकडं गारगोटीला गेले होते. तेवढ्यात मी म्हटलं, त्यांना आश्चर्याचा धक्का देऊ. चारी ब्रॅकेट मी एका बैठकीत, पाऊण तासात जोडून टाकले. टाके असे सुरेख आले होते की मी त्यांचे फोटो काढले.

आप्पा आले. त्यांनी नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "केळं केलंस."

खरंच केळं झालं होतं. चारी ब्रॅकेट पुढच्या अंगाला होते. तिथलं लोखंड तापून गार होताना आकसलं आणि त्यानं नळीची दोन्ही टोकं पुढं ओढून घेतली. चाकं लावून गाडी ढकलली तर मागची दोन्ही चाकं एकमेकांना काहीतरी गुपित सांगायला निघाल्यासारखी आत वळली होती. आप्पा रागावले नाहीत. ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि गॅसवर एक पापड एकाच बाजूनं भाजून दाखवला. पापड वळला. "हे तू केलंस," म्हणाले, आणि तो पापड खाऊन टाकला.

दुसरा अ‍ॅक्सल मिळायला तीन महिने गेले. या खेपेला सगळं आप्पांच्या पद्धतीनं करायचं ठरलं. अ‍ॅक्सलच्या आतलं सगळं काढून नळी रिकामी केली. आप्पांच्या ओळखीच्या एका टर्नरकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, एक जाड, सरळ लोखंडी बार आणला. त्या बारवर नळीत नेमक्या बसतील अशा गोल चकत्या होत्या. नळी सरळ असेल तर आत घातलेला बार हातानं गरगर फिरतो, केसभर वाकली तर अडकतो. टाके घालायचे ते दोन बोटांएवढे. एक डावीकडं, एक उजवीकडं. मग बार फिरवून बघायचा आणि थांबायचं. टाक्यावर तळहात टेकून दहा म्हणेपर्यंत ठेवता आला की पुढची फेरी, तीसुद्धा वेगळ्या जागी. पाणी मारायचं नाही, पंखा लावायचा नाही, फुंकरसुद्धा घालायची नाही. अशा बारा फेऱ्या.

अडचणी दोन होत्या. पहिली म्हणजे टर्नरला बार रविवारी संध्याकाळी पाचच्या आत परत पाहिजे होता. दुसरी म्हणजे आप्पांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी वेल्डिंगच्या उजेडाकडं बघायला सक्त मनाई केली होती. आप्पांनी त्यावर उपाय काढला. "बघू नका म्हणाल्यात. ऐकू नका म्हणालं न्हाईत." ते काळा चष्मा लावून, माझ्याकडं पाठ करून, पत्र्याच्या भिंतीकडं तोंड करून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि आवाजावरून सांगायचे. "भजी तळल्यागत आवाज आला पायजे. आत्ता तू पाणी उकळायलीस. रॉड जवळ घे." त्यांचं कधी चुकलं नाही.

तर रविवारी सकाळी साडेसातला आम्ही सुरुवात केली. दोनपर्यंत संपवायचं, अंघोळ करायची, साडी नेसायची आणि चारला पाहुण्यांसमोर बसायचं असा माझा हिशेब होता. स्थळ आईच्या मैत्रिणीनं सुचवलं होतं. मुलगा गारगोटीच्या एका शाळेत गणित शिकवणारा. वडील गडमुडशिंगीकडचे, थोडी शेती आणि पाच म्हशी.

पाचव्या फेरीचा टाका नुकताच संपला होता तेव्हा बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. शेडच्या दारात कुणाची तरी सावली पडली. आप्पांना वाटलं, टर्नर आला. मागं न वळताच ते म्हणाले, "अजून देणार न्हाई. काम व्हायचंय. संध्याकाळी या."

दारातला आवाज म्हणाला, "आवो, आम्ही गडमुडशिंगीस्नं आलोय."

"मग काय झालं? कुठनंबी या. संध्याकाळी पाचला हातात देतो की."

"लगेच हातात?" पाहुणे जरा घाबरल्यासारखे झाले. "आम्ही नुसतं बघायला आलोय."

"बघायचं काय त्यात? सरळ हाय. तुम्हीच दिलाय न्हवं?"

मी तोंडावरचा काचेचा मुखवटा वर केला. दारात पांढरा शर्ट घातलेले एक उंच गृहस्थ, त्यांच्या मागं नऊवारीतल्या एक म्हातारबाई आणि त्यांच्याही मागं चष्मा लावलेला एक तरुण उभा होता. मी हळूच म्हटलं, "आप्पा, पावणं आल्यात. मला बघायला."

आप्पा वळले. काळ्या चष्म्यातून त्यांनी पाहुण्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग अ‍ॅक्सलकडं. "जयभीम पावणं," म्हणाले. "जरा लौकर आलासा."

उंच गृहस्थ मुलाचे वडील. ओशाळून ते म्हणाले, "जयभीम. काय करणार, घरात म्हस व्यायला आलीया. पोराची आई तिच्यापाशीच थांबलीय. म्हटलं, सकाळीच जाऊन यावं. ही माझी थोरली बहीण. अक्का म्हणतात सगळी."

आईला कळलं तेव्हा तिनं हातातली कोथिंबिरीची जुडी ताटलीसकट चहाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. मला हाताला धरून आत नेलं, तोंड धुवायला लावलं आणि दहा मिनिटांत तिची मोरपंखी साडी माझ्याभोवती गुंडाळली. केसात अडकलेले लोखंडाचे कण ती कंगव्यानं काढत होती आणि मी घड्याळाकडं बघत होते.

चहाचा ट्रे घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेले. अक्कांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि माझा हात हातात घेतला. मनगटापासून वर बारीक काळे डाग होते.

"तेल उडालंय?"

"न्हाई, ठिणग्या."

"माझं बी बघ." त्यांनी स्वतःचा हात पुढं केला. त्यावरही तसेच डाग होते. "हे भज्याचं. सारखंच दिसतंय की."

मुलगा मान खाली घालून बशीतल्या पोह्यांचे शेंगदाणे एका बाजूला काढत होता. त्याचे वडील मला काय शिकलीस, कुठं जातेस असं विचारायला लागले. मी डिप्लोमापर्यंत आले आणि मागच्या शेडमधून आप्पांचा आवाज आला.

"हात टेकतोय गं."

मी उठले. आईनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पुन्हा बसले.

"कशाला हात टेकतोय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

आईनं बोलायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. केळं, पापड, बार, पाच वाजता. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. "मग हितं कशाला बसलोय आपण? चला की तिकडं. पोहे बी तिकडंच न्या."

साडी पेटायला नको म्हणून मी तिच्यावरूनच बॉयलर सूट चढवला. निऱ्या आत कोंबल्यावर मी गोणपाटात भरलेल्या कोबीसारखी दिसायला लागले. आईनं कपाळावर हात मारला आणि आणखी पोहे करायला निघून गेली.

उजेडाकडं कुणी बघायचं नाही, डोळे जातात, असा आप्पांनी दम भरला. मग त्यांच्या शेजारी तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. मला बघायला आलेली माणसं माझ्याकडं पाठ करून, एका ओळीत, पत्र्याच्या कोऱ्या भिंतीकडं बघत पोहे खात बसली. प्रश्न विचारायचे ते भिंतीला विचारायचे. मी टाका संपला की उत्तर द्यायची.

"भाकरी येती का?" अक्कांनी भिंतीला विचारलं.

मी टाका पूर्ण केला. "येते. पण गोल होत नाही."

"नळी सरळ येती, पण भाकरी गोल येत न्हाई," आप्पा भिंतीला म्हणाले. "एका माणसाला सगळं कुठलं यायला."

मुलाचे वडील मोठ्यानं हसले. दोन फेऱ्यांत त्यांनाही आवाज कळायला लागला. "आत्ता पाणी उकळायलं बघा," ते आप्पांच्या आधी म्हणाले आणि आप्पांनी मान डोलावली. मला मनातून बरं वाटत होतं. बघायच्या कार्यक्रमांना मी आधी दोनदा बसले होते. दोन्ही वेळेला लोकांनी मी घरातल्या फर्निचरपैकीच आहे अशा नजरेनं बघितलं होतं. इथं निदान कामाची चौकशी होत होती.

बार फिरवायला दोन माणसं लागत. आठव्या फेरीला आप्पांनी मुलाला उठवलं. तो एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मधे चार-साडेचार फुटांचा अ‍ॅक्सल. त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या आणि खिशातल्या कागदावर कुठला टाका कधी घातला त्याचा तक्ता काढला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे आकडे सुबक होते. एवढ्यावरून माणूस आवडायला लागतो का, माहीत नाही. मला थोडा लागला होता.

बार फिरवता फिरवता तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा."

"तुम्ही मला नकार द्याल का?"

मी बार फिरवायचं थांबवलं.

"आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात त्या बाई आहेत," तो म्हणाला. "आमचं ठरलंय. दीड वर्ष झालं. त्या वेगळ्या समाजातल्या आहेत, त्यांच्या घरचे शेतकरी. मला बाबांना सांगायचा धीर झाला नाही. आज मला उचलूनच आणलंय."

पहिल्यांदा मला हायसं वाटलं. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ वाईट वाटलं. साडीवर बॉयलर सूट घालून मी सकाळपासून घामाघूम होत होते आणि हा माणूस आधीच ठरवून आला होता. मी म्हटलं, "मी खोटा नकार देणार नाही. माझ्या आईला मी काय कारण सांगू? तुम्हीच सांगा तुमच्या बाबांना."

"कधी?"

"ते मला काय विचारता. आधी बार फिरवा."

बार नीट फिरला. तो तक्त्यात खूण करत बसला.

नवव्या फेरीनंतर घोटाळा झाला. मी टाका संपवला, आप्पांनी "आता बघितलं तर चालंल" असं सांगितलं आणि पाहुणे वळले. मुलगा विचारात होता. टाका नुकताच घातलाय हे विसरून तो तळहात टेकायला पुढं झाला. अक्कांना लाल लोखंड आणि भाच्याचा हात एकदम दिसला. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी सगळा तांब्या त्या टाक्यावर ओतला.

फसकन् आवाज झाला आणि शेड वाफेनं भरली. मुलाचा हात वाचला. आप्पा मात्र भिंतीकडंच तोंड करून बसले होते. त्यांना बघायची गरज नव्हती.

"पाणी कुणी मारलं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

वाफ वर गेली. अक्का म्हणाल्या, "मी."

कारखान्यात असं कुणी केलं असतं तर आप्पांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं आणि ते पाहुण्यांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "अक्का, पोहे घ्या अजून."

पाणी मारलेला टाका कडक होतो आणि पुढं कधीतरी तडकतो. तो घासून काढायचा आणि पुन्हा घालायचा एवढाच मार्ग. मी ग्राइंडर लावला. पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडर चालला की शेजारच्या माणसालाही ओरडून सांगायला लागतं. आणि मुलानं नेमका हाच वेळ निवडला. कदाचित बाबांची पाठ होती म्हणून त्याला धीर आला असेल, किंवा इतक्या आवाजात फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं वाटलं असेल. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तो बाबांच्या कानाशी वाकून काहीतरी ओरडत होता. बाबा हात कानामागं धरून "काय?" असं विचारत होते. तो आणखी मोठ्यानं ओरडत होता.

टाका निघाला. मी बटण बंद केलं.

"मी तिच्याशीच लग्न करणार हाय," त्याचा आवाज सगळ्या शेडभर घुमला. मला वाटतं शेजारच्या दोन घरांनीही ऐकलं असणार.

आई पोह्यांची दुसरी परात घेऊन नेमकी दारात आली होती. तिचा चेहरा उजळला. "व्हय?" ती म्हणाली. "इतक्यात ठरवलंसा?"

तिला समजावून सांगणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. ते मी केलं. आई परात घेऊन तशीच उभी राहिली. मुलाचे वडील खुर्चीवर बसून भिंतीकडं बघत होते. आता वेल्डिंग चालू नव्हतं, तरी ते वळले नाहीत.

"दीड वर्ष," ते म्हणाले. "मला सांगितलं न्हाईस. आणि ह्या परक्या माणसांच्या शेडमधी वरडून सांगितलंस."

"बाबा, मी आज सांगणारच..."

"मी काय म्हणलो असतो असं वाटलं तुला?"

अक्कांनी भाच्याकडं बघून एकच विचारलं, "मग दोन बशा पोहे कशाला खाल्लंस?"

आप्पांना अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही. त्यांना काम सुचतं. "टाका घाल पोरी," म्हणाले. मी घातला. तेवढाच सगळ्यांना भिंतीकडं बघत गप्प बसायला वेळ मिळाला. टाका संपवून मी आणि मुलगा बार फिरवायला गेलो आणि बार अडकला. पुन्हा जोर लावला, हलेना. एकाच जागी दोनदा तापल्यामुळं नळी त्या अंगाला ओढली गेली होती. मला रडू यायला लागलं. स्थळ गेलं त्याचं नव्हे, अ‍ॅक्सलचं. अजून तीन महिने दुसरा शोधायचा, पुन्हा सगळं काढायचं.

आप्पा उठले. गॅसचा टॉर्च काढला. त्याच्या उजेडाला त्यांच्या काळ्या चष्म्यानं भागतं असं त्यांचं म्हणणं होतं. टाक्याच्या बरोबर उलट्या बाजूला त्यांनी खडूनं पुरीएवढा गोल काढला आणि तेवढीच जागा लाल होईपर्यंत तापवली. "त्या अंगानं ओढलंय, तर ह्या अंगानं बी ओढू दे. दोघं ओढत्याल आणि मधी येऊन थांबत्याल." मग टॉर्च बंद केला. आता नुसतं थांबायचं होतं.

आम्ही सगळे त्या पुरीएवढ्या डागाभोवती उभे राहिलो. लालाचा जांभळा झाला, जांभळ्याचा काळा. आई परात टेबलावर ठेवून पदरानं डोळे पुसत होती. मुलगा चष्मा पुसत होता. त्याचे वडील डागावरून नजर काढत नव्हते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाची आई होती. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांना तसाच घेता यायचा.

"म्हस मोकळी झाली. रेडी झालीया," पलीकडून आवाज आला. "पोरगी कशी हाय?"

ते डागाकडं बघतच म्हणाले, "अजून गरम हाय. गार झाली की सांगतो."

पलीकडून प्रश्न आला, "म्हंजे?"

"हात लावू दीना अजून. आप्पा म्हणत्यात, दहा मिंटं थांबा."

पहिल्यांदा अक्का हसल्या. त्या हसल्या आणि त्यांची कवळी सुटली, ती त्यांनी तोंडावर हात ठेवून अडवली. मग आई हसली, मग मी, मग मुलगा. मुलाच्या वडिलांना आपण काय बोललो ते हळूहळू कळत गेलं आणि फोनमधून बाई "अवो, कुणाबद्दल बोलताय तुम्ही" असं विचारत असताना ते खुर्चीवर बसून हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. हसण्यातच त्यांनी डोळे पुसले. ते नुसतं हसण्याचंच पाणी होतं की काय, मला सांगता येणार नाही.

फोन ठेवल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "शेतकऱ्याची हाय म्हणतोस. म्हशी हायत का त्यांच्याकडं?"

"दोन आहेत," मुलगा म्हणाला.

"बरं," ते म्हणाले. त्या दिवशी त्या विषयावर ते तेवढंच बोलले.

डाग गार झाला. तळहात टेकला, दहा आकडे मोजले. मुलगा एका टोकाला गेला, मी दुसऱ्या टोकाला. बार आधी जरा कुरकुरला आणि मग सुटला. एका बोटानं फिरला. आप्पा म्हणाले, "हां," आणि पहिल्यांदाच अ‍ॅक्सलकडं तोंड करून बसले.

उरलेल्या तीन फेऱ्या व्हायला साडेचार वाजले. पाहुणे गेले नाहीत. अक्कांना तांब्यापासून लांब बसवलं होतं. मुलाच्या वडिलांनी आपल्या गाडीत बार घातला आणि आप्पांना घेऊन ते स्वतः टर्नरकडं गेले. पाच वाजायला थोडं असतानाच बार त्याच्या हातात पडला. तिथून परतून पाहुणे घरी निघाले तेव्हा आईनं त्यांच्याबरोबर भडंगाची पिशवी दिली. मला वाटलं होतं ती देणार नाही. आत येऊन ती म्हणाली, "माणसं चांगली होती गं," आणि मला साडी सोडायला लावली, कारण पदराला दोन ठिकाणी भोकं पडली होती.

त्या मुलाचं लग्न व्हायला वर्ष लागलं. दोन्ही घरांत रुसवे झाले, बैठका झाल्या, गारगोटीला तीन चकरा झाल्या. त्यातल्या एकीला मुलाच्या वडिलांनी आप्पांना बरोबर नेलं. आप्पा तिथं काय बोलले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी लग्नाला गेले. मुलीनं पांढरी साडी नेसली होती आणि ती मला बघताच म्हणाली, "तुम्हीच ग्राइंडर बंद केलात ना?" मला ती आवडली. थोडं कुठंतरी दुखलं, पण जेवण चांगलं होतं.

गाडी तयार झाली. मागची चाकं एकमेकांशी काही बोलत नाहीत, सरळ पुढं बघतात. पण असली गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी मिळत नाही, हे आम्ही सगळं करून झाल्यावर आरटीओत विचारायला गेलो. तिथल्या साहेबांनी फोटो बघून विचारलं, "हिचा अपघात कधी झाला?" महिनाभर ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मग गडमुडशिंगीहून फोन आला. मुलाचे वडील म्हणाले, आमच्या रानात उसाच्या कडेनं गाडीवाट आहे, सरळ, सपाट, आपल्या मालकीची. तिथं कुणाची परवानगी लागत न्हाई.

टेंपोत घालून आम्ही ती तिथं नेली. आप्पा म्हणाले, पहिल्या चकरेला मी बांधावर उभा राहून चाकं बघणार. त्यामुळं शेजारची सीट रिकामी होती. अक्का विचारायच्या आतच तिच्यावर येऊन बसल्या, पदर खोचला आणि पुढच्या पट्टीला दोन्ही हातांनी धरलं. मी इंजिन चालू केलं. उसातले बगळे उडाले. आम्ही निघालो, दुसरा गिअर पडला, वाट सरळ होती आणि गाडीही सरळ जात होती. मी जरा जोर दिला.

"हळू घे," अक्का म्हणाल्या. "कवळी पडंल."